खुळखुळ्याचं कुरण

पोस्टमननं दारातूनच कार्ड हातात दिलं; कोपरा फाडलेला, म्हणजे कोणीतरी गेलं, हे मजकूर वाचायच्या आधीच कळलं. दामूच्या बहिणीनं सांगलीहून चारच ओळी लिहिल्या होत्या. दामू गेला, त्रास फारसा झाला नाही, घरातच गेला... कार्ड धरून ओसरीवर बसलो आणि खरं सांगतो, आधी आला तो राग. ‘पुढच्या आठवड्यात येतो, पिठलं करून ठेव,’ असा त्याचा निरोप होता आणि हा गृहस्थ परस्पर निघून गेला. दिलेली वेळ पाळायची नाही ही खोड त्यानं शेवटपर्यंत सोडली नाही. आता महिना उलटून गेलाय, राग ओसरलाय, म्हणून लिहायला बसलोय.

सांगलीच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. मी पुढे फलटणला मास्तर झालो आणि मुलांना झाडापानांची नावं शिकवू लागलो. तो घोड्यांचा डॉक्टर झाला. काही वर्षं पलटणीच्या घोड्यांत काढून, लढाई सुरू झाली त्या सुमारास तो दहिवडीच्या वाटेवरच्या एका इनामदारांच्या पागेत आला. तिथे घोड्यांची पैदास होत असे. दामू हुशार होता, पण आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. मी वहीत वाळवून ठेवलेल्या पानांना तो पालापाचोळा म्हणायचा. मी त्याला सलोतरी, म्हणजे घोड्यांचा वैदू, म्हणायचो, ते मात्र त्याला झोंबायचं.

पागेच्या मागे मोठं कुरण होतं. पाऊस लागला की माण तालुक्यातल्या धनगरांनी आठ-पंधरा दिवस तिथे मेंढरं चारायची, मग फाटक बंद करून गवत वाढवायचं आणि दिवाळीच्या आसपास कापून गंजी रचायच्या, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. दामूनं आल्या आल्या ती मोडली. मेंढरांमुळे घोड्यांना रोग लागतील, असं त्याचं म्हणणं. राणू म्हणून पागेत जुना मोतद्दार होता, घोड्यांचं दाणावैरण, खरारा सगळं तोच बघायचा. तो स्वतः धनगर. तो म्हणाला, “आवं डाक्टर, मेंढरं न्हाई शिरली तर रान माजंल. पैल्या पावसाचं वंगाळ तीच खात्यात.” दामूला वाटलं, हा आपल्या भाऊबंदांची वकिली करतोय. मी तेव्हा सुट्टीत आलो होतो, तिथेच बसलो होतो आणि मलाही तसंच वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

दोन पावसाळे गेले. मग घोड्या आजारी पडू लागल्या. जांभया द्यायच्या, डोळे पिवळे व्हायचे, वैरण सोडायच्या आणि आंधळ्यासारख्या सरळ चालत सुटायच्या. शेवटी भिंतीला डोकं टेकून उभ्या राहायच्या... गावातली माणसं म्हणाली, बाहेरचं लागलंय. दामू म्हणाला, बुरशी धरलेली वैरण घातली आहे. वैरण राणूच्या हातातली, म्हणून सगळ्या पागेदेखत दामूनं त्याला कामावरून काढलं. आठ दिवसांत ती गोष्ट माणात वाडीवाडीला पोचली. घोड्या मारणाऱ्याच्या घरची पोरगी नको म्हणून राणूच्या लेकीची ठरलेली सोयरीक मोडली.

राणू गेला, पण घोड्या मरायच्या थांबल्या नाहीत. नाताळच्या सुट्टीत मी गेलो तेव्हा दामू पार उतरला होता. मेलेल्या घोडीचं यकृत दगडासारखं घट्ट झालेलं त्यानं मला दाखवलं. मी नुसता गंजीपाशी बसून गवत चिवडत होतो. हातात फुगीर शेंगा आल्या. हलवल्या तर आत बी वाजलं. खुळखुळा, घोड्यांना बाधतो म्हणतात ते तण. हिरवा असताना घोडं त्याला तोंड लावत नाही, पण वाळून गवतात मिसळला की ओळखू येत नाही. म्हटलं, “दामू, हा गंजीत एवढा कसा रे आला?” त्यानं एक शेंग घेऊन कानाशी हलवली. मग म्हणाला, “मी आणला. कोवळा असताना मेंढरं हा खाऊन टाकायची, त्यांना बाधत नाही; ती मीच बंद केली.”

नुसत्या शंकेवर भागेना. इनामदारांकडे घोडी मागायचं तोंड नव्हतं, म्हणून त्यानं स्वतःच्या बसण्याच्या घोडीला, चंद्रीला, तीच वैरण घातली. रोज स्वतःच्या हातानं. मी त्याला नाही नाही ते बोललो. चंद्री भिंतीला डोकं लावून उभी राहिली त्या दिवशी तो तिच्या मानेला धरून लहान मुलासारखा रडला. मग बसून त्यानं अहवाल लिहिला. इनामदारांचे कारभारी म्हणाले, “तण माजलं एवढंच लिहा. मेंढरं कोणी बंद केली ते कशाला?” दामूनं ते पहिल्याच ओळीत लिहिलं.

आणि तो कागद घेऊन तो राणूच्या वाडीला गेला. मला ओढत नेलं होतं. पारावर सगळी वाडी गोळा झाली आणि दामूनं उभं राहून वाचलं, की घोड्या राणूमुळे मेल्या नाहीत, माझ्यामुळे मेल्या. राणू म्हणाला, “तुमी आला, समद्यांम्होरं वाचलं, बरं केलंत. पर मी सांगत हुतो तवा ऐकायचं हुतं.” दामू म्हणाला, “व्हय.” लेकीची सोयरीक काही परत जुळली नाही. राणू मात्र पुढच्या पावसाळ्यात पागेत आला.

तेव्हापासून एक नवीनच रीत पडली. मेंढरं घेऊन धनगर आले की दामू कुरणाच्या फाटकाला हात लावून उभा राहायचा आणि विचारायचा, “राणबा, सोडू का?” राणू आत फेरी मारून यायचा, कोवळा खुळखुळा कितपत उगवलाय बघायचा आणि म्हणायचा, “सोडा, डाक्टर.” त्याशिवाय फाटक उघडायचं नाही. एवढा शिकलेला माणूस, पण दर वर्षी विचारायचा.

परवा मी पागेवर गेलो होतो. मेंढरं येऊन थांबली होती. राणू फेरी मारून आला, फाटकापाशी उभा राहिला. कोणी काही विचारेना. माझ्या ओठांवर ‘सोडू का’ आलं होतं, पण तो प्रश्न दामूचा होता. राणूनं जरा वेळ वाट पाहिली. मग फाटकापाशी दामू उभा राहायचा त्या मोकळ्या जागेकडे बघत हळूच म्हणाला, “सोडा, डाक्टर.”