सिस्टरची कंबर

ती नंदाखाल गावची. एका खासगी हॉस्पिटलात बावीस वर्षं सिस्टर होती. एका सकाळी बाथरूमला नेताना धिप्पाड आजोबांचा तोल गेला आणि हिने त्यांना वाकून धरलं. आजोबांना ओरखडाही आला नाही, हिची कंबर मात्र धरली.

वसईतल्या माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये ती महिनाभर येत होती. मी दहा वेळा करायला सांगितलेला व्यायाम ती घरी वीस वेळा करायची. दुखणं थांबलं, नीट वाकता यायला लागलं, तसं मी ‘कामावर जाण्यास योग्य’ असं लिहून दिलं.

कामावर गेल्यापासून आठव्या दिवशी ती भिंतीचा आधार घेत आत आली.

“मॅडम, व्यायाम एक दिवसही चुकवला नाही हो,” ती म्हणाली. जणू चूक तिचीच होती. मला लाज वाटली. मी तिची कंबर तपासली होती, तिचं काम एकदाही पाहिलं नव्हतं.

मेट्रनची परवानगी काढून मी एक सकाळ तिच्या वॉर्डात उभी राहिले. दोन बेड वर उचलले जातच नव्हते, हँडल तुटलेले. तिथली सिस्टर एकटीच ओणवी होऊन पेशंटला वर सरकवत होती.

“कुणाला हाक का मारत नाही?” मी विचारलं.

“दुसरी सिस्टर पण कामातच असते ना.”

मग आमचे व्यायाम बदलले. क्लिनिकच्या टेबलावर मी अंग सैल सोडून पेशंट व्हायचे आणि ती माझ्या असिस्टंटबरोबर, दोघींनी चादर धरून, मला सरकवायची. ते तिला लवकर जमलं. अडायचं ते बोलणं. “थांबा, दुसरी सिस्टर येऊ दे,” एवढं वाक्य मोठ्याने म्हणताना तिचा आवाज बारीक व्हायचा.

“कामचुकार वाटते हो मी.”

ती परत कामावर गेली तेव्हा मेट्रनने पहिला महिना तिला इंजेक्शनं आणि फायलींचं काम दिलं. मग एके दिवशी तिचा फोन आला. एका पेशंटचा मुलगा तिच्यावर खेकसला होता, “तुम्ही सिस्टर ना? मग उचला की!”

“मग?”

“म्हटलं, उचलते. तुम्ही चादरीची ती बाजू धरा.” ती हसत होती. “धरली त्याने!”

ती अजून त्याच वॉर्डात आहे. उभ्याने जास्त काम झालं की कंबर भरून येते, तेव्हा फोन करते. एक बेड दुरुस्त झाला. दुसऱ्यासाठी मेट्रनला मी अजून आठवण करून देते.