मी गप्प बसले ते दोन दिवस

मला सावरलं ते मिरजेतल्या एका हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंनी. काय घडलं ते सांगतेच, पण त्यांचं आधी सांगते. घडलेलं आधी सांगितलं तर वाचणारे माझ्याकडेच बघत बसतील आणि त्या बाजूला राहतील. माझी शाळा सहावीत सुटली, तेव्हा लिहिण्यात इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या.

नव्वद सालानंतरची गोष्ट. माझं गाव सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यातलं, पुण्याच्या हद्दीला लागून. नवऱ्यानं दुसरी करून आणली आणि चार दिवसांनी ती माझ्याच चुलीपुढं बसून मला म्हणाली, "घ्या, चहा घ्या." पाहुण्याला म्हणावं तसं. त्याच दिवशी मी पिशवी भरली. लांबची एक आत्या मिरजेला होती, तिच्या ओळखीनं बायकांच्या वॉर्डात आयाचं काम मिळालं. हॉस्पिटलात आयांना सगळे मावशी म्हणतात, सत्तरीची म्हातारीसुद्धा. सव्विसाव्या वर्षी मी एका दिवसात गावाची मावशी झाले. घरून पत्र नाही, निरोप नाही. हे काम गेलं तर जायचं कुठं, हा गोळा कायम पोटात असायचा. लादी पुसतानाही असायचा.

मेट्रनबाई मूळच्या वाईच्या. बारीक अंगाच्या, पांढरं इस्त्रीचं पातळ, आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही. डॉक्टरांनी वाईट बातमी सांगितली की नातेवाईक व्हरांड्यात जमिनीवरच बसकण मारायचे. बाई त्या पांढऱ्या पातळासकट त्यांच्या शेजारी फरशीवर बसायच्या. बोलायच्या कमी. एखादी शिकाऊ सिस्टर पहिलं मरण बघून हुंदके द्यायला लागली, तर तिला घरी पाठवायच्या नाहीत. चादरींचं कपाट उघडायच्या आणि दोघी मिळून घड्या घालत बसायच्या, घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घालायच्या.

पण माझा जीव त्यांच्यावर जडला तो दुसऱ्याच कारणानं. दुपारी दोनला पाळी बदलायची. त्या वेळी बाई वॉर्डातल्या टेबलाशी उभ्या राहायच्या आणि सिस्टरांच्या आधी आम्हा आयांना विचारायच्या. कोण जेवलं नाही, कोण रडलं, कुणाला भेटायला कोणी आलं नाही. एक सिस्टर एकदा कुरकुरली, "आता मावशीकडनं रिपोर्ट घ्यायचा का आम्ही?" बाई म्हणाल्या, "तुम्ही नाडी बघून पुढच्या खाटेला जाता. ती दिवसभर खाटेखालची फरशी पुसते. तिला जास्त दिसतं."

आणि मला दिसायचं. तीन नंबरची पोर भाऊ येऊन गेला की ओकते, हे मी सांगितलं. बाईंनी भावाला बाहेर घेऊन विचारलं. तो रोज येऊन बहिणीला सांगायचा की सासरचे आता तुला नांदवायचे नाहीत. बाईंनी त्याला सांगितलं, उद्यापासून घरच्या म्हशीबद्दल बोल, दुसरं काही नको. पोर पाच दिवसांत खायला लागली. त्या दिवशी बाईंनी आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून माझ्यापुढं सरकवला. पुढं रोजच तसं व्हायला लागलं. माझ्या आयुष्यात कुणी मला विचारून काही केलं, ते तेवढंच.

मग ती आली. वाळवा तालुक्यातली, दहावी पास, एकोणीस वर्षांची. तीही आयाच, पण केसांना रिबीन आणि खिशाला पेन. पहिल्याच आठवड्यात बाईंनी तिला एक वही दिली आणि सांगितलं, प्रत्येक खाटेवरच्या बाईनं काय खाल्लं ते लिहून ठेव. तिचं अक्षर टपोरं होतं, लांबून वाचता यायचं. आता दोन वाजले की बाई वही मागायच्या, पानावरून बोट फिरवायच्या, मान हलवायच्या. "छान लिहितेस गं बाळ."

बाळ. मला बाईंनी कधी बाळ म्हटलं नव्हतं. मी मावशीच.

खोटं कशाला सांगू, माझा नुसता जळफळाट व्हायचा. एका दिवसात बाई तिच्याशी किती वेळा बोलल्या आणि माझ्याशी किती वेळा, हे मी मोजायचे. एकदा तिच्याशी सहा वेळा आणि माझ्याशी एकदा, तेही "ती बादली हलव" म्हणून. बशी आता तिच्यापुढं सरकायची. ती पोर वाईट नव्हती, हे आणखी वाईट. उलट मला म्हणायची, "मावशी, तुमी बसा, मी पुसती." मला वाटायचं, बस म्हणती म्हणजे उठ म्हणायचंय. घरात एक दुसरी आलेली मी बघितली होती. तीही गोडच बोलायची.

अशात नवरात्र आलं. सात नंबरच्या खाटेवर तासगावकडची एक बाई होती, पन्नाशीची, साखरेच्या आजाराची. पायाची जखम भरत नव्हती म्हणून दाखल केलेली. नवरा फौजेतून पेन्शनवर आलेला, मिशीवाला, रोज सकाळी येऊन खाटेपाशी ताठ बसायचा. बाईला सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई होती. सुई दिली की पोटात अन्न गेलंच पाहिजे, नाहीतर साखर एकदम उतरते आणि माणूस जातं, हे मेट्रनबाईंनी आम्हा सगळ्यांना इतक्यांदा सांगितलं होतं की झोपेत विचारलं तरी सांगितलं असतं.

घट बसले त्या दिवशी सकाळी मी सात नंबरखाली पोछा मारत होते. वरून उपम्याची ताटली पलीकडच्या खाटेकडं गेली. तिथल्या पेशंटची आई गपचूप खाऊन ताटली परत देत होती. अकराला भाकरीही तशीच गेली. मी वर बघितलं तर सात नंबरच्या बाईनं ओठांवर बोट ठेवलं.

"सांगू नगंस गं. घरात घट बसल्यात अन मी हितं पडलीया. उपास तरी घडू दे."

"आणि सुई घेतलीत ती?"

"सुई काय तोंडावाटं जाती व्हय? तिनं उपास मोडत न्हाई."

दरसालचा नेम तिचा. लग्न झाल्यापासून नऊ दिवस तोंडात अन्न घेतलेलं नाही, नुसत्या चहा-पाण्यावर काढते. सुई मात्र हौसेनं घेत होती, हात पुढं करून. पोरगी वही घेऊन आली तेव्हा ताटली रिकामी होती. तिनं लिहिलं, सर्व खाल्ले.

दोन वाजता बाई टेबलाशी उभ्या होत्या. मी चार पावलांवर. त्यांनी वही घेतली, बोट फिरवलं, सात नंबरवरून पुढं गेलं. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी मनात म्हटलं, विचारतील तर सांगीन. वहीला विचारताय ना, मग वहीच सांगू दे. नुसता राग नव्हता तो. ह्या वहीत किती खोटं असतं ते एकदा सगळ्यांना दिसावं, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशीही तेच. त्या दिवशी दुपारी सात नंबरच्या बाईचे हात थरथरत होते. फुलपात्र धरताना पाणी सांडलं, ते मीच पुसलं. एक डॉक्टर आले, अशक्तपणा म्हणाले. मी बादली उचलून निघून गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला नवऱ्यानं हाक मारली. बाईचा ब्लाउज घामानं भिजलेला, डोळे उघडे पण ओळख नाही, जबडा आवळलेला. सिस्टर धावल्या. मेट्रनबाईंनी स्वतः शीर शोधून ग्लुकोज दिलं, एकदा, मग परत. मी पायाशी उभी होते. ही गेली तर, एवढंच डोक्यात. देवीला काहीबाही कबूल करत होते. पाच-दहा मिनिटं गेली असतील. बाईनं मान वळवली, नवऱ्याला ओळखलं आणि रडायला लागली. जीव वाचला म्हणून नव्हे. ओठाला गोड लागत होतं. कुणीतरी बोटानं साखर चोळली होती.

"माझा उपास मोडला," ती म्हणत होती. "देवी घरात कुणाला बरं ठेवायची न्हाई आता."

मोठ्या डॉक्टरांनी वही मागवली. सर्व खाल्ले, सर्व खाल्ले, टपोऱ्या अक्षरात. त्यांनी वही टेबलावर आपटली आणि त्या पोरीला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. ती चादरींच्या खोलीत पळाली. खरं सांगते, आधी मला बरं वाटलं. हवं होतं तेच झालं होतं. मग दारातून दिसलं, मेट्रनबाई गाठोड्यावर तिच्या शेजारी बसल्या होत्या आणि आपल्या पदरानं तिचं तोंड पुसत होत्या. तेव्हाही माझ्या मनात आलं, पदर तिलाच. माणूस मरता मरता वाचलं होतं आणि मी पदर कुणाला ते बघत होते. माझी मलाच भीती वाटली.

बाई परत सात नंबरपाशी आल्या. रागावल्या नाहीत. खाटेच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, आमच्याकडं आजारी बाईचा नेम दुसऱ्यानं उचलायची चाल आहे, नेम मोडत नाही, हात बदलतो. तुमच्याकडं नाही का तसं? ती म्हणाली, हाय की, पण कोण धरायचं, घरात सून बाळंतीण. बाईंनी फौजी नवऱ्याकडं बघितलं.

त्यानं मिशीवरून हात फिरवला. "बाई, बर्फात मी तीन म्हयने ड्यूटी केलीया. पर उपाशीपोटी नऊ दिवस? त्यापरीस परत बर्फात धाडा."

वॉर्डातल्या बायका हसल्या. सात नंबरचीही थोडी हसली. आणि मी म्हणून गेले, "मी धरते."

बाईंनी वळून बघितलं. "तू का?"

दोनच शब्द. पण कितीतरी दिवसांनी त्यांनी मला काहीतरी विचारलं होतं. सांगितलं तर काम जाणार, हे मला दिसत होतं. खंडाळ्याची एस.टी. दिसत होती आणि चुलीपुढं बसलेली ती सवत दिसत होती. तरी मी म्हटलं, "मला माहीत होतं, बाई. पहिल्या दिवसापासून. ताटली पलीकडं जाते ते मी बघितलं होतं. पोरीची चूक नाही."

फौजी उठून उभा राहिला. काय काय बोलला ते लिहीत नाही, आणि त्याचं चुकलं असंही म्हणत नाही. बाईंनी त्याला बोलू दिलं. तो थांबल्यावर त्याला घेऊनच त्या मोठ्या डॉक्टरांकडं गेल्या, मला आणि त्या पोरीलाही बरोबर नेलं. तिथं त्या म्हणाल्या, "चूक वॉर्डाची, आणि वॉर्ड माझा. ह्या मावशीला रोज विचारायची माझी पद्धत होती. वही आल्यावर मी ती सोडली. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. मुलीनं रिकामी ताटली बघितली, तेच लिहिलं. काढायचं असेल तर आधी माझ्यापासून सुरुवात करा." डॉक्टरांनी मग कुणालाच काढलं नाही, त्या पोरीलाही नाही.

फौजी बाहेर येताना म्हणाला, "आमच्या फौजेत चुकलं की वरचा खालच्याला धरतो. हितं उलटंच दिसतंय." त्याचा राग गेला नव्हता, पण आवाज उतरला होता.

मग बाई मला एकटीला व्हरांड्यात म्हणाल्या, "माझा राग आला होता ना? तो माझ्यावर काढायचा. खाटेवरच्या बाईवर नाही." मी पाया पडायला वाकले तर त्यांनी दंडाला धरून उभं केलं. महिनाभर मला वॉर्डातून काढून कपडे धुण्याच्या खोलीत टाकलं. बोलल्या फार नाहीत. उरलेले सहा दिवस मी सात नंबरच्या बाईचा उपास धरला. बाईंनी एकच अट घातली, केळं आणि दूध घ्यायचं, मला आणखी एक पेशंट नको. धुण्याच्या खोलीत रक्ताच्या चादरी पिळताना भोवळ यायची, पण त्या सहा दिवसांत पोटातला तो गोळा नव्हता. सात नंबरची बाई महिन्यानं स्वतःच्या पायानं घरी गेली. जाताना माझ्याशी बोलली, नवरा नाही बोलला.

त्या पोरीनं बरेच दिवस माझ्याकडं बघितलं नाही. मी माफी मागितली तेव्हा म्हणाली, "मावशी, तुमी मला एकदा नुसतं सांगायचं होतं." महिना संपून मी वॉर्डात परत आले आणि दोन वाजता बाईंनी आधी वही बघितली, मग मला विचारलं. दोन वर्षांनी बाईंच्या चिठ्ठीवर ती पोरगी सांगलीला नर्सिंगच्या कोर्सला गेली. पेढे वाटले तिनं. मी खाल्ला, आणि त्या पेढ्याबरोबर पुन्हा तीच आग घशाशी आली. ती काही माझ्यातून जायची नाही. फक्त आता तिच्यापायी मी गप्प बसत नाही.

बाईंनी त्या दिवशी माझ्याऐवजी स्वतःला पुढं केलं नसतं, तर मी कुठं असते याचा विचार मी करत नाही. त्या आता निवृत्त होऊन वाईला एकट्या राहतात, गुडघे दुखतात म्हणून जिना चढत नाहीत असं ऐकते. पत्रात हे लिहायचा मला धीर होत नाही, म्हणून इथं लिहिते. बाई, ज्या दिवशी तुमचं उठणं-बसणं होणार नाही, त्या दिवशी मला कळवा. तुम्ही नाही कळवलंत तरी मी विचारत राहीन. तुमचं अंग पुसायला, कूस बदलायला दुसरं कुणी असेल तरी मी येणार, आणि तुमचं हे देणं मी माझ्या हातांनी फेडणार.