थंडगार पाण्याचे काका

धानोऱ्यात आमच्याकडे पाण्याचा जार घेऊन येणारे काका बेल वाजवत नाहीत. दारातूनच "थंडंगार शे, माय!" अशी आरोळी देतात, जार ओट्यावर ठेवतात, खांद्यावरच्या पंच्याने पुसतात आणि बैलाची पाठ थोपटावी तशी त्यावर थाप मारतात. आईने पाणी विचारलं, की म्हणतात, "पानी नको. च्या चाली." त्यांना चहाचं वेड आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

नळाला गढूळ पाणी येतं, म्हणून आम्ही जार लावला होता. परवा वहिनी बाळाला घेऊन माहेरून आली आणि जारमधलं पाणी त्याच्या वाटीत ओतू लागली. काकांनी पुढे होऊन वाटीवर हात ठेवला.

"पोरले हाई नको. उकाईसन दे."

"का बरं? चोखं नही का ते?" उकळायचं ऐकून वहिनीने विचारलं.

"थंडं शे," काका म्हणाले. "आमना घर बी उकाईसनच पितस."

"मंग आमले कसाले देतस?"

"तुमीन थंडंच मांगतस ना, ताई!" ते मनापासून हसले.

मी दाराआडून त्यांच्या चेहऱ्यावर ओशाळलेपण शोधत होते. ते कुठेच नव्हतं.

दुसऱ्या सकाळी तीच आरोळी, तीच थाप. आईने सवयीने पाणी विचारलं.

"च्या चाली."

मी एरवी चहा पीत नाही. पण आधणात माझ्यासाठीही एक कप पाणी वाढवलं.