गुरुवारची लिफ्ट

आमच्या नारायण पेठेत वीज गुरुवारी जाते. दुरुस्तीसाठी जाते, सांगून जाते, फक्त सांगितलेल्या वेळी परत येत नाही. वीज नाही म्हणजे लिफ्ट नाही. आणि चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा दत्ताच्या देवळात जायचा वार गुरुवारच. गुडघे गेल्यापासून त्या आठवड्यातले सहा दिवस कुठेही जाऊ शकत, फक्त दत्ताकडे नाही.

"बुधवारी जा की, देव तोच असतो," असं मी एकदा सुचवलं.

"तुम्ही वाढदिवस आदल्या दिवशी करता का?" असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

म्हणून गच्चीवर सोलर बसवायचं ठरलं, तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने मी जमिनीपासून दोन बोटं वरून चालत होतो. काकूंनी कुरडया वाळत घालायची आपली हक्काची जागा सोडली. "कुरडयांऐवजी मला वाळवा," म्हणाल्या, "पण गुरुवारी खाली न्या."

मीटिंगला कंपनीचा इंजिनीयर आला होता. बिचारा तासभर काहीतरी समजावून सांगत होता. आमचं सगळं लक्ष मात्र फाटकावर लावायच्या पाटीत होतं. 'येथे गुरुवारीही लिफ्ट चालते' एवढंच दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बँकवाल्यांना फार मवाळ वाटत होतं. शेवटी खाली 'शेजाऱ्यांनी चौकशी करू नये' ही ओळ घालायचं एकमताने ठरलं. आमच्याकडे एकमत होणं हीच एक बातमी. इंजिनीयरने "काही शंका?" विचारलं, तर आम्ही त्याला पाटीचा रंग विचारला.

अर्ज, तपासणी, नवा मीटर यांत अख्खा हिवाळा गेला. मग तो गुरुवार उजाडला. दहा वाजता गल्लीतले पंखे थांबले आणि मला अक्षरशः नाचावंसं वाटलं. काकू रेशमी साडी नेसून, पेढ्यांचा पुडा घेऊन चौथ्या मजल्यावर लिफ्टसमोर उभ्या होत्या, आणि बघायला बँकवाल्यांसकट अर्धी सोसायटी जमली होती. मी मोठ्या थाटात बटण दाबलं.

लिफ्ट ढिम्म.

मी धावत गच्चीवर गेलो. ऊन तर असं, की डोळे उघडवेनात. इंजिनीयरला फोन लावला.

"साहेब, मीटिंगमध्ये सांगितलं होतं ना! बाहेरची वीज गेली की तुमचं सोलरही आपोआप बंद होतं. नाहीतर तुमची वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावरच्या माणसाला शॉक बसेल. बॅटरी लावू का विचारलं, तर आपण म्हणालात, पाटी मोठी करा."

खाली येऊन हे सांगताना मला आधी हसू फुटलं आणि मग काकूंचा चेहरा दिसला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकू पेढ्यांचा पुडा नुसता या हातातून त्या हातात घेत राहिल्या.

ते बघून बँकवाले खाली आपल्या घरात गेले आणि प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले. "बसा," एवढंच म्हणाले. एका पायाला ते, दुसऱ्याला मी, तिसऱ्याला माझी बायको. चौथ्याला समोरचा भाडेकरू, खराडीच्या कंपनीचं काम घरून करणारा. "काकू, मीटिंग सोडून आलोय, सॅलरी कट झाली तर पेढे डबल," असं तो म्हणाला आणि वरात निघाली. प्रत्येक जिन्यावर काकू ओरडत होत्या, "अहो, डावीकडून उचला! आपटाल!" आणि आम्हाला हसून हसून खुर्ची पेलवेना. फाटकाशी आलो तेव्हा काकूही पदरात तोंड लपवून हसत होत्या. आमच्या त्या भल्यामोठ्या पाटीकडे कुणी बघितलं नाही.

कोपऱ्यावर खांबावर एक माणूस चढला होता. घामाने निथळत, दोन्ही हात तारांमध्ये.

"थांबा," काकू म्हणाल्या. "हाच का तो, ज्याच्यासाठी आपलं बंद होतं?"

"हो, हाच."

इतकी वर्षं दर गुरुवारी विजेच्या नावाने बोटं मोडणाऱ्या काकू त्याच्याकडे बराच वेळ मान वर करून बघत राहिल्या. मग तोंडाशी हात धरून ओरडल्या, "अहो, सावकाश करा हो! आम्हाला काही घाई नाही!"

खुर्ची अजून आमच्या चौघांच्या हातांत होती.