चिकणमातीतले सहा खांब

गेल्या रविवारी आमच्या डिलाईल रोडच्या चाळीमागे आम्ही सहा लोखंडी खांब रोवले... आणि सोमवारी सकाळी बघते तर सहाही झिंगल्यासारखे झुकलेले!

आधी कारण सांगते. तो मागचा तुकडा चाळीचाच, पण समोरच्या टॉवरवाल्यांच्या गाड्या तिथे ठाण मांडून असतात. तळमजल्यावरच्या नानांच्या दाराला इतक्या खेटून, की ऐंशीच्या माणसाला अंग चोरून बाहेर पडावं लागतं. सांगून झालं, भांडून झालं. मग म्हटलं, आता कुंपणच.

आम्ही दरवर्षी गणपतीचा मांडव घालणारी माणसं, खांब रोवायला आम्हाला कोण शिकवणार? खड्डा केला, खांब ठेवला, माती लोटली, वर दोन बादल्या पाणी ओतून पायाने दाबलं. पण ती काळी चिकणमाती... पाणी पिऊन तिचा नुसता लगदा झाला.

टॉवरचा एक ड्रायव्हर हसला. "मॅडम, छोड दो, ये नहीं टिकेगा." माझं डोकंच फिरलं.

नाना खिडकीतून बघत होते. मिलमध्ये लागायच्या आधी गावी कुंपणं घातलेला माणूस! म्हणाले, "अगो, हो मांडव नाय, धा दिवसांनी सोडूक! पाणी कित्याक घातलंस? तळाक खडी टाक, सुकी माती थोडी थोडी घाल नि पहारीन ठास."

ऑफिसला दांडी मारली. सगळे खांब उपटले, खड्डे अजून खोल केले. चिखल फावड्याला असा चिकटायचा की दर खेपेला घरच्या उलथन्याने खरवडत होते... ते उलथनं आता गेलंच. शेजारच्या सुनंदाने आणि मी आळीपाळीने पहार धरली. तळाला खडी, वर चार बोटं सुकी माती, की ठास. परत चार बोटं, परत ठास. तळहाताला फोड आले, पण थांबलो नाही.

संध्याकाळी तोच ड्रायव्हर आला. दोन्ही हातांनी खांब हलवून बघितला, मग खांदा लावला. गाडी मागे घेतली आणि गेला.

काल तार ओढली. नाना कित्येक महिन्यांनी दारातून सरळ चालत बाहेर आले आणि आपला ओला पंचा तारेवर वाळत घातला.

आता ज्याला तिथे गाडी लावायची असेल, त्याने आधी नानांना तो पंचा काढायला सांगून बघावं!