पाण्याआधीचे उपकार

बेळगावाहून निपाणीची सर्व्हिस मोटार सकाळी सुटते असे म्हणतात. ती सुटत नाही. तिला सोडवावी लागते. तिकीट काढलेल्या उतारूंनीच खाली उतरून मागून रेटा द्यायचा, आणि ती सुरू झाली की तिच्यामागे पळत जाऊन चढायचे! काकती येईपर्यंत या जुलमावर एक पत्रक काढायचे मी मनाशी पक्के केले होते.

शेजारी बाकावर दोन गाठोडी होती. एकात आक्कासाठी कुंदा (दूध आटवून केलेली आमची बेळगावी मिठाई) आणि दुसऱ्यात माझे ताजे पत्रक, ‘गावविहिरी सर्वांना खुल्या करा!’ शाईचा वास अजून गेला नव्हता.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. निपाणीजवळच्या एका लहानशा गावात दिलेली. आमच्या आजोबांनी ख्रिस्ती धर्म घेतला, पण गावविहिरीच्या लेखी आम्ही जिथे होतो तिथेच राहिलो. आमचा पोहरा तिथे चालत नाही. म्हणून गावाखालच्या आमच्या मूठभर घरांनी ओढ्याचे पाणी प्यायचे. गेल्या वर्षी त्याच पाण्यातून पटकी आली आणि एका आठवड्यात आक्काचा नवरा आणि पाच वर्षांची सालोमी, दोघेही गेले. मी मातीला गेलो, परत येऊन सरकारात अर्ज केला आणि देवाशी बोलणे टाकले. अर्जाचे उत्तर नव्हते. आता आक्काला कायमची बेळगावला आणायला निघालो होतो.

संकेश्वरला तंबाखूचे एक गलेलठ्ठ व्यापारी चढले आणि माझ्याशेजारी बसले. बसले ते थेट गाठोड्यावर.

“अण्णा, तुमच्याखाली माझा कुंदा आहे.”

“आं? मला वाटलं मोटारवाल्यानं गादी दिलीया!”

भरपाई म्हणून मी त्यांच्या हाती पत्रक दिले. त्यांनी ते बोटांनी चाचपले, “झकास! कागद जाड हाय,” म्हणाले आणि त्यात चिमूटभर तंबाखू बांधून ठेवली. माझी सगळ्यांत जळजळीत वाक्ये त्या पुडीच्या आतल्या बाजूला गेली.

तवंदीच्या घाटात मोटार उकळली. ड्रायव्हरने जवळच्या विहिरीचे घागरभर पाणी आणून तिच्या तोंडात ओतले. मोटारीला तिची जात कुणी विचारली नाही. घाटमाथ्यावरून खाली निपाणीकडचा मुलूख पसरलेला दिसत होता, वाळत घातलेल्या तंबाखूचा उग्र वास वर येत होता, सगळे उतारू शिंकत होते, आणि मी शिंकता शिंकता संतापत होतो.

गावात पोहोचलो. अंधाऱ्या घरात गुडघ्यांत डोके घालून बसलेली आक्का मला दिसणार, अशी माझी खात्री होती. घराला कडी. मागच्या शेतातून मात्र हसण्याचा गलका येत होता. जाऊन पाहतो तो दोन पुरुष खोल खड्डा, भोवती मुरमाचे ढीग, आणि आत डोक्यापासून पायापर्यंत मातीने माखलेली आक्का!

“शामू! वेळंवर आलास बघ. बुट्टी धर!” (बुट्टी म्हणजे टोपली.)

विहीर पाडत होते. जागा म्हाताऱ्या आब्रामआप्पांची, हात सगळ्या घरांचे. नाताळ झाल्यापासून खणत होते आणि पाण्याचा टिपूस नव्हता. पावसाच्या आत पाणी लागले नाही तर कडा ढासळणार आणि सगळे कष्ट मातीत जाणार.

“तसं झालं तर येते तुझ्यासंगं,” मी बेळगावला चल म्हणताच आक्का म्हणाली. “मग ही घरंबी राहायची न्हाईत. पर पाणी लागलं तर तू एकटा जायचंस. कबूल?”

मी खड्ड्यात डोकावलो, कोरडा फुफाटा पाहिला आणि खुशाल कबूल म्हटले.

दुसऱ्या सकाळी आम्ही सगळे शिडीने खाली उतरलो. आब्रामआप्पांनी डोक्याचा रुमाल काढून डोळे मिटले. “प्रभू, तू दिलेल्या गार पाण्याबद्दल तुझे उपकार मानतो.”

माझ्याच्याने राहवले नाही. “आप्पा, कुठले पाणी? इथे पाणी नाही!”

सगळ्या खड्ड्याने टाळ्या पिटल्या. आक्का तर नाचायलाच लागली.

“सुटले गं बाई! सुटले!”

इथला नियम मला तेव्हा कळला. काठाखाली उतरल्यावर ‘न्हाय’ म्हणायचे नाही. जो म्हणेल त्याने सगळ्यांत मोठी बुट्टी वाहायची, पुढचा कुणी चुकेपर्यंत. आदल्या दिवशी आक्का चुकली होती, म्हणून ती तशी माखलेली. या अन्यायाविरुद्ध मी तिथल्या तिथे भाषण केले. भाषणात तो शब्द आणखी चारदा आला.

“बोल, बोल,” आप्पा म्हणाले. “रविवारपातूर बुट्टीची सोय झाली.”

दुपारी मुरमाच्या ढिगावर बसून जोंधळ्याची भाकरी आणि खर्डा खाल्ला, वर गार आंबील. कुंदा चप्पट झाला होता, त्यामुळे पोळीसारखा तोडून सगळ्या घरांना वाटता आला. हाताला फोड आलेले. मी आक्काला हळूच विचारले, “तुला राग येत नाही?”

“येतो की. सालोमीचा तांब्या दिसला की येतो. मग सांगते त्येला सगळं. भांडतेबी.”

“देवाशी?”

“मग कुणाशी? तुझ्या सरकारशी? त्यो ऐकतो तरी.” तिने आंबिलीचा घोट घेतला. “पयल्यांदा माझ्या तोंडातनं उपकाराचा शबुद निघत नव्हता रं. तवा आप्पा माझ्या दारात उभं राहून म्हणायचे, ‘हिच्याबी वतीनं उपकार, प्रभू. हिला जमंल तवर मी म्हणतो.’ रोज. मलाच लाज वाटाय लागली. एक दिस उठले आन खड्ड्यात उतरले.”

तिने मला कोपराने ढोसले.

“ईस्टरला घसा फाडून गातोस न्हवं, मेलेला उठला म्हणून? मग खडकातनं पाणी निघायचं एवढं काय जड हाय? माझी पोर मला भेटंल, शामू. तवर हितल्या दुसऱ्या पोरांनी वड्याचं पाणी पिऊ ने. एवढंच.”

त्यानंतर मी बुट्टी वाहिली ती शिक्षा म्हणून नव्हे.

आठवडा उलटायच्या आत एका दुपारी, आम्ही सगळे काठावर मुरूम ओढत असताना, खालून येणारा आप्पांच्या पहारीचा आवाज बदलला. मग थांबलाच.

“आप्पा?”

“पाय भिजला रं माझा!”

पुढचे काही शिस्तीचे नव्हते. बायका, पुरुष, सगळे एकदम शिडीवर. शिडी मोडली. आम्ही एकमेकांच्या अंगावर, बुट्टीचा दोरही आमच्याबरोबर आत, आणि वर माणूस कुणी नाही! घोट्यापर्यंत गढूळ, गार पाणी. आम्ही ओरडलो, मग गायला लागलो, गाताना हसू आवरेना. आक्का हसत होती आणि तिच्या गालांवरच्या मातीतून दोन ओहोळ वाहत होते.

काठावर एक डोके आले. गावातला बाबूअण्णा, म्हैस चारायला निघालेला. याच माणसाने आक्काची घागर गावविहिरीवरून माघारी लावली होती.

“काय रं, पडलासा व्हय?”

“पाणी लागलं, अण्णा!” आक्का खालून ओरडली.

तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने म्हशीचे दावे सोडले. ते पुरेना, म्हणून डोक्यावरचा पटका काढून दाव्याला जोडला, वरचे टोक बाभळीला बांधले आणि दुसरे खाली सोडले. आम्ही एकेक करून, आमच्या मातीच्या हातांनी तो पटका धरून वर आलो.

पहिली बादली ओढली. आक्काने सालोमीचा तांब्या बुडवून भरला, आधी आप्पांना दिला, मग स्वतः प्यायली. तेवढ्यात मोकळी सुटलेली म्हैस येऊन बादलीत तोंड घालू लागली. माझा वर्षभराचा संताप मस्तकात गेला. बाबूअण्णाच्या म्हशीला आमचे पाणी? मी हात उगारून ओरडलो, “नाही!”

“बुट्टी!” सगळे एका आवाजात किंचाळले.

“काठाखालचा नियम आहे तो!” मी म्हणालो.

“आता काठावरबी लागू,” आप्पा म्हणाले.

म्हशीने बादली रिकामी केली. बाबूअण्णाने दुरूनच विचारले, “गोडं हाय का?”

“म्हशीला इचार, अण्णा,” आक्का म्हणाली.

त्याला हसू फुटले. चिखलाने भरलेला पटका त्याने सोडवला, झटकला, जरा विचार केला आणि खांद्यावर टाकला. डोक्यावर नाही. पण घेऊन गेला.

मी कबूल केल्याप्रमाणे एकटाच परतलो. तवंदीच्या घाटात मोटार पुन्हा उकळली, तेव्हा बाजूला एका दगडावर बसून वर्षभराने देवाशी बोललो. तक्रारी पुष्कळ साठल्या होत्या. त्या सगळ्या सांगितल्या, आणि सालोमीपाशी आलो तेव्हा बोलता येईना. तिथे आप्पांचेच वाक्य घेतले: मला जमेल तोवर माझ्या वतीने दुसऱ्या कुणी मानलेले उपकार चालवून घे.

वाचकहो, गावविहीर अजून आम्हांला बंद आहे आणि माझी लढाई सुरूच आहे. बेळगावला उतरलो तो मुरूम लागलेल्या कपड्यांनीच छापखान्यात गेलो आणि नवे पत्रक लिहून दिले. त्याची पहिलीच ओळ होती, ‘गावविहीर सर्वांना खुली झाल्याबद्दल देवाचे उपकार.’

खिळे जुळवणाऱ्याचा हात थांबला. “अण्णा, विहीर खुली झाली व्हय?”

मी तोंड उघडले. खांदे अजून बुट्टीने ठणकत होते.

“हुतीय,” मी म्हणालो. “तू छाप.”