चाळीस जण काहीच विसरले नाहीत

किस्से गोळा करावे लागत नाहीत. आपण एका जागी गप्प बसायचं, ते आपल्या पायानं येतात. मी कोल्हापूरच्या एका कॉलेजात मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होतो. शाळा चौथीपर्यंत. पण जिथं शिकलेली माणसं रोज दुसऱ्याची स्मरणशक्ती मोजत बसतात, तिथं दाराजवळच्या स्टुलावरच्या माणसाकडं असला माल आपोआप साचतो. लोक विचारतात, दत्तोबा, तुम्हाला एवढं कसं आठवतं? त्यात विचारायचं काय? माझी स्मरणशक्ती पक्की आहे. ज्याला पटत नाही त्यानं पुढं वाचू नये.

हे सगळं सत्तरच्या आसपासचं, देशमाने सरांच्या डॉक्टरेटच्या काळातलं. माणूस किती विसरतो आणि किती दिवसांत विसरतो, हा त्यांचा विषय. सहा वर्षं घासत होते. पुण्याच्या गाईडनी बजावलं होतं, या खेपेला झालं नाही तर विषय सोडा. तेव्हापासून सर चहासुद्धा उभ्यानं प्यायचे.

*

लॅबमध्ये एक यंत्र होतं. पितळी डबा, आत फिरणारा रूळ, पुढं बोटभर खिडकी. खिडकीत एक शब्द यायचा, दोन सेकंदांनी जायचा, मग दुसरा. असे बारा. ते ओळीनं पाठ म्हणायचे. शब्दही कसले? ठेग, झुघ, लोघ, घिप. अर्थ असला की माणूस अर्थाला धरून लक्षात ठेवतो, म्हणून अर्थच काढून टाकलेला!

एकदा जयसिंगपूरचे एक गुळाचे व्यापारी सरांच्या ओळखीनं प्रयोगाला बसायला आले. बाराच्या बारा शब्द पाठ केले, घाम पुसला आणि म्हणाले, आता ह्याचा अर्थ सांगा. सर म्हणाले, अर्थ नाही. मग पाठ कशाला करायला लावलं? सर बिचारे खरं बोलून गेले. म्हणाले, किती दिवसांत विसरता ते बघायला.

व्यापाऱ्यांनी टोपी उचलली. "विसरायला एवढ्या लांब कशाला बोलवायचं? घरात बसून विसरलो असतो की."

*

कॉलेजच्या फाटकासमोर यासीनभाईंचं शिलाईचं दुकान. गिऱ्हाइकाची मापं हा माणूस कधी वहीत लिहायचा नाही. मी त्यांना एकदा ओढून आणलं. सरांनी आकडे वाचायचे, यासीनभाईंनी त्याच क्रमानं म्हणायचे. पाच आकड्यांपर्यंत गाडी चालली, सहाव्याला घसरली. तीनदा घसरली. सरांनी कागदावर लिहिलं, स्मरण साधारणपेक्षा कमी.

यासीनभाईंनी ते वाचलं. रागावले नाहीत. सरांकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"सर, तीन वर्षांमागं लग्नाचा कोट शिवलाता तुमचा. छाती चौतीस, कंबर तीस, उजवा हात डाव्यापरास पाव इंच लांब. कंबर आता बत्तीस झालीया."

सरांनी पोट आत घेतलं आणि तो कागद टेबलाच्या खणात सरकवला. मी पुढं किती वर्षं तो खण झाडला, कागद तिथंच.

*

एकदा सरांनी ठरवलं की डोळ्यांनी बघितलेलं माणूस कितपत खरं सांगतो ते वर्गालाच दाखवायचं. तास चालू असताना एक चोर धावत येणार, टेबलावरची बॅग उचलून पळणार, मग पोरांनी चोराचं वर्णन लिहायचं. चोर कोण? मी. डोक्याला मफलर, अंगात सरांचा जुना कोट. तोंड उघडं.

आलो, बॅग उचलली, दारापर्यंत पोचलो. आमच्या वर्गात तानाजी म्हणून एक पैलवान होता. त्याला कुणी सांगितलेलं नाही की हा प्रयोग आहे. त्यानं मागून येऊन मला असा उचलला की मी बॅगेसकट फरशीवर. वर्गानं टाळ्या वाजवल्या.

मग कागद गोळा केले. चोर सहा फूट. चोराला दाढी. चोराच्या हातात चाकू. एका मुलीनं लिहिलं, चोर कोल्हापूरचा वाटत नव्हता. तीन वर्षं माझ्या हातचा चहा पिणारी ही पोरं! तानाजी तर माझ्या छातीवर बसला होता. त्यानं लिहिलं, चेहरा नीट दिसला नाही.

खांदा अजून दुखतो. वर्णन चुकेल, खांदा चुकत नाही.

*

आता मुख्य प्रयोग. सरांना एका वयाची, सारखं खाणारी, सारखं झोपणारी चाळीस माणसं हवी होती. मी म्हटलं, तालमीतली घ्या. वरच्या पेठेच्या तालमीतले वीस आणले, खालच्या पेठेतले वीस. तानाजी वरचा. सगळ्यांनी ते बारा शब्द पाठ केले आणि गेले. सर मला म्हणाले, बरोबर एक वर्षानं यांना पुन्हा बोलवायचं, पण हे कुणाला कळता कामा नये.

का, ते सांगितलं नाही. मी माझं डोकं चालवलं. परीक्षा आहे आणि पोरांना सांगायचं नाही, म्हणजे सगळी नापास होणार. पोरं नापास म्हणजे सर नापास. हे मी होऊ देतो होय?

वरच्या तालमीत गेलो आणि वस्तादांना सांगितलं, खालची पोरं शब्द घोकायला लागल्यात, तुमची काय मागं ऱ्हाणार? तिथनं उठलो आणि खालच्या तालमीत जाऊन वरच्यांचं सांगितलं. झालं. पेठेच्या इज्जतीचा प्रश्न. दोन्ही तालमींत दंड मोजताना एक, दोन, तीन बंद झालं. पहाटे रस्त्यावर ऐकू यायचं, ठेग, झुघ, लोघ, घिप.

वर्ष भरलं. चाळीस आले, चाळिसांनी बाराच्या बारा शब्द धडाधड म्हटले. सरांच्या हातातली पेन्सिल विसाव्या माणसालाच थांबली होती. शेवटचा गेल्यावर म्हणाले, दत्तोबा, हे विसरले कसे नाहीत?

मी छाती काढून सांगितलं, "विसरत्यात कसं? वर्षभर घोकून घेतलंय मी."

सर येऊन माझ्या स्टुलावर बसले. पहिल्यांदाच.

"दत्तोबा, मला विसरलेली माणसं पाहिजे होती."

मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. दुसऱ्याच्या सहा वर्षांचं मी एका शहाणपणात मातेरं केलं होतं.

*

प्रयोग कसा बिघडला ते गाईडना कळवायचं, तर लेखी पाहिजे. दुसऱ्या दिवशी सरांनी चाळिसांना एकेक करून आत घेतलं. प्रश्न एकच. घोकायला कुणी सांगितलं? मी दारात, मान खाली घालून.

पहिला म्हणाला, वस्तादांनी. दुसरा म्हणाला, "सर, तुमीच की, पयल्या दिवशी." एकानं सांगितलं, रेडिओवर ऐकलं. तानाजी म्हणाला, कुणी न्हाय, माझं मीच ठरवलं. चाळीस झाले. माझं नाव एकदाही नाही. शेवटी मला राहवलं नाही. बाहेर पडणाऱ्या शेवटच्याला म्हटलं, अरे, मी हितं बसलोय, माझ्याकडं बघ की! सरांनी बोट ओठावर ठेवलं.

संध्याकाळपर्यंत त्यांचा चेहरा उजळला. काय शिकलं ते चाळिसांनाही पाठ, कुणी सांगितलं ते एकालाही नाही. विसरणं सापडलं होतं, फक्त दुसऱ्या खोलीत. सरांनी प्रबंध त्यावरच नव्यानं लिहिला. गाईड खूश. दोन वर्षांत सर डॉक्टर झाले.

*

बारा-तेरा वर्षांनी सर मोठ्या जागेवर दुसऱ्या गावी निघाले, तेव्हा निरोपाचा कार्यक्रम झाला. मी पुढच्या रांगेत, सोबत बायको. दुसऱ्या बाजूला तानाजी, आता पोट सुटलेला. सरांनी भाषणात त्या प्रयोगाची गोष्ट सांगितली. म्हणाले, "मी मुद्दामच दोन्ही तालमींत निरोप धाडला होता. चुरस लावून दिली."

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. माणूस खोटं बोलत नव्हता. सरळ, स्वच्छ तोंड.

तानाजीनं कोपर मारलं. "बरोबर हाय, मामा. सर सवता आलते तालमीत. मला चांगलं आठवतंय."

घरी येताना मी बायकोला म्हटलं, तू तर साक्षीला आहेस. त्या वर्षी तालमीत जाऊन शब्द घोकायला कुणी सांगितलं होतं, सांग बघू.

ती चालता चालता थांबली.

"मी सांगितलंतं. तुमी घाबरून बसलाता, म्हनून मीच गेलते की वस्तादांच्या बायकूकडं."